चार सेकंदांची पट्टी

आजचा भाग जखमेबद्दल आहे. ज्यांना रक्ताचं वर्णन सोसवत नाही त्यांनी जेवण उरकून ऐका. फार भयंकर काही नाही, पण मध्ये एक बोट जाणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो. आणि हो, नेहमीसारखंच, बोलताना जे जसं आलं ते इथं लिहिताना फारसं घासूनपुसून घेतलेलं नाही.

विषय सुचला तो अणदूरला, गेल्या दिवाळीत. अणदूर आमचं गाव. धाराशिव जिल्हा, तुळजापूर तालुका, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. बाहेरच्यांना ते खंडोबामुळे माहीत असतं. मूर्ती एक आणि देवळं दोन. देव सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळ मैलारपूरला. देवालासुद्धा दोन घरं करावी लागली, तर आमच्या घरातली पोरं पुण्यात राहतात यात नवल काय? त्यातला एक माझा पुतण्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तो दिवाळीला आला तो लॅपटॉप घेऊनच. रात्री बाराच्या सुमाराला माडीवरून त्याचा आवाज आला. "अरे भावा, दोन गोळ्या लागल्यात तुला, तू पळतोयस कसा?"

मी वर गेलो. तो ज्याला ‘आरपी’ म्हणतो ते खेळत होता. म्हणजे रोलप्ले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जीटीए नावाचा मारामारीचा गेम आहे, त्याच्यावर लोकांनी वेगळे सर्व्हर चालवलेत. तिथं कुणी पोलीस होतो, कुणी टॅक्सीवाला, कुणी चोर, आणि प्रत्येकानं आपलं पात्र निभवायचं. माईकवर बोलायचं, आणि जे पडद्यावर दिसत नाही ते टाइप करायचं: ‘लंगडत चालतो’, ‘हात दाबून धरतो’ असं. हौशी नाटक म्हणा ना, फक्त प्रेक्षक नाहीत. आमचा पुतण्या त्या शहरात ॲम्ब्युलन्सवाला आहे. गोळी लागलेला माणूस फोन करणार, हा गाडी घेऊन जाणार, त्याला उचलणार. आणि इथं झालं असं, की एका चोरानं दोन गोळ्या खाल्ल्या, पेट्रोल पंपामागं जाऊन ‘स्वतःला टाके घालतो’ असं टाइप केलं, आणि दहा मिनिटांत परत मारामारीला हजर. ॲम्ब्युलन्सवाल्याचं काम काय उरलं मग?

"काका, तुम्हीच सांगा, स्वतःला स्वतः टाके घालता येतात का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात जिन्यात बसलेल्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, डावा हात वर केला. त्याला करंगळी नाही. म्हणाले, "टाके नाई घातले, पण बाकी सगळं केलं की. असं होतंय मग."

तात्यांच्या बोटाकडे येतोच. आधी त्या चोराला दहा मिनिटांत बरं व्हायचा परवाना कुणी दिला ते बघू, कारण त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्यानं ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळ छापून आणला. नकाशावर ठोकळे मांडायचे, फासे टाकायचे, तक्त्यात बघायचं की या गोळीबारात समोरची किती माणसं गेली. नुकसान आकड्यांत मोजायचं, साठवत जायचं, आणि आकडा संपला की ठोकळा उचलायचा. ही पलटणीची मोजणी होती, एका माणसाची नव्हे. हे लक्षात ठेवा. पलटणीतली वीस टक्के माणसं पडली तरी उरलेले ऐंशी टक्के नीट लढू शकतात. पण एका माणसाच्या अंगातून वीस टक्के रक्त गेलं तर उरलेला माणूस नीट लढत नाही.

हीच मोजणी पुढं एका माणसाच्या अंगाला चिकटली. अमेरिकेत डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढलं. टेबलाभोवती बसून खेळायचा, गोष्ट सांगत सांगत खेळायचा हा खेळ. आजच्या सगळ्या रोलप्लेचा आजोबा. आर्नेसन आरमारी लढायांचे खेळ खेळणारा. जहाज किती मार खाऊन बुडतं याचा हिशोब त्यानं योद्ध्यांना लावला. ‘हिट पॉइंट’ हे त्याचं नाव. माणूस म्हणजे जहाज. बुडेपर्यंत पूर्ण वेगानं चालणारं! लोकांनी तेव्हाच आक्षेप घेतला, की हे खरं वाटत नाही. १९७९ च्या नियमपुस्तकात गायगॅक्सनं त्यावर खुलासा केला, की हे आकडे म्हणजे नुसतं मांस आणि रक्त नव्हे, त्यात कसब आलं, नशीब आलं. खुलासा हुशारीचा आहे, पण मला तो वकिली वाटतो. त्याच पुस्तकात विश्रांती घेतली तर दिवसाला एक पॉइंट भरून यायचा. म्हणजे खाट धरावी लागायची. २०१४ च्या आवृत्तीत आठ तासांची एक झोप काढली की सगळे पॉइंट परत. पस्तीस वर्षांत महिन्याभराचं दुखणं एका रात्रीवर आलं.

संगणकावर तर रात्रही उरली नाही. ‘डूम’ नावाच्या गेममध्ये, साल १९९३, जमिनीवर औषधाच्या पेट्या पडलेल्या असायच्या. अंगावरून चालत गेलं की छोट्या पेटीचे दहा टक्के, मोठीचे पंचवीस. पेटी उघडायचीही नाही. पुढं ज्या गेमनं आपल्याकडच्या गावोगावच्या पोरांना कट्ट्यावर बसवलं त्या पब्जीत निदान थोडं थांबावं लागतं: पट्टी चार सेकंद, फर्स्ट एड सहा, मेडकिट आठ. पट्ट्या कितीही बांधल्या तरी पंचाहत्तरच्या वर तब्येत जात नाही. पुतण्या म्हणाला, "काका, ते आठ सेकंद लई मोठे असतात हो. कुणीही येऊन मारू शकतं." हे मला पटलं. गेममधल्या उपचाराची खरी किंमत दुखणं नाही, वेळ आहे. फक्त ती आठ सेकंद आहे.

आता गंमत बघा. ज्या जर्मन मुलखात जखमेचे तक्ते छापले गेले, तिथंच काही दशकांनी जखमेचं फडकंही छापलं गेलं. फ्रीडरिख एस्मार्ख नावाचा लष्करी सर्जन होता. त्यानं त्रिकोणी पट्टी प्रचारात आणली, आणि ती कशी बांधायची याची चित्रं त्या कापडावरच छापून घेतली. डोक्याला अशी, कोपराला अशी, गळ्यात हात अडकवायचा तो असा. डॉक्टर येईपर्यंत शिपायानं स्वतः किंवा शेजारच्यानं काय करायचं, ते वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. ‘येईपर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. ते फडकं कुणालाही बरं करत नव्हतं. ते वेळ काढून देत होतं. गेमवाल्यांनी फडकं घेतलं आणि हा शब्द सोडून दिला.

सगळ्यांनीच सोडला असं नाही, हेही सांगायला हवं. काही गेम बनवणाऱ्यांना हा खोटेपणा खुपत होता. २००४ साली ‘मेटल गिअर सॉलिड ३’ नावाचा जपानी गेम आला. त्यात जंगलात अडकलेल्या नायकाला आपली जखम स्वतः बरी करावी लागते: चाकूनं गोळी काढा, जंतुनाशक लावा, रक्त थांबवा, टाके घाला, पट्टी बांधा. जळू चिकटली तर सिगार लावून काढा. २००८ च्या ‘फार क्राय २’ मध्ये नायक पकडीनं स्वतःच्या अंगातली गोळी उपसतो, ते बघताना आपल्या अंगावर काटा येतो. हे झालं ‘रिअलिझम’. लोक खूश. पण मला विचाराल तर हा जास्त मोठा खोटेपणा आहे. गोळी अंगात राहिली म्हणून माणूस लगेच मरत नाही. बऱ्याचदा डॉक्टर ती तिथंच राहू देतात. मारतो तो रक्तस्राव, आणि नंतर मारतो तो घाणेरडा हात. १८८१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांना, गारफिल्डना, २ जुलैला गोळी लागली. गोळी शोधायला डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घातली, पुन्हापुन्हा घातली. १९ सप्टेंबरला ते गेले. सिनेमातला हिरो दातात कापड धरून गोळी काढतो तेव्हा मला गारफिल्ड आठवतात.

स्वतःवर शस्त्रक्रिया केलेली माणसं नाहीत का? आहेत, पण त्यांच्या गोष्टी नीट ऐकायला पाहिजेत. मुंबईत जन्मलेले आपले इयान कार्डोझो, गुरखा रेजिमेंटचे अधिकारी. १९७१ च्या युद्धात सिल्हेटच्या बाजूला भूसुरुंगावर पाय पडला. मॉर्फिन नाही, शस्त्रक्रियेचं सामान नाही. त्यांनी आपल्याच खुकरीनं आपला चेंदा झालेला पाय कापला. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कमी जण सांगतात: त्यानंतर त्यांच्यावर रीतसर शस्त्रक्रिया झाली, आणि ती केली युद्धकैदी असलेल्या एका पाकिस्तानी सर्जननं. म्हणजे खुकरीनं गोष्ट संपली नाही. दुसऱ्याचे हात लागलेच, तेही शत्रूचे.

असो. तात्यांचं बोट.

१९८६ चा उन्हाळा. मी सात-आठ वर्षांचा. हातानं फिरवायचं कडबाकुट्टीचं चाक होतं आमच्याकडे, त्यात तात्यांच्या करंगळीचं टोक गेलं. ते घरात बोललेच नाहीत. गोठ्यात बसून चुना-हळद भरली, धोतराची चिंधी फाडून बांधली. दुसऱ्या दिवशी बांधावरचा दगडी पाला चोळून रस पिळला. आता या पाल्याला मी नावं ठेवणार नाही. रानात खरचटलं की आम्ही सगळ्यांनीच तो लावलाय, रक्त धरतो हे डोळ्यांनी बघितलंय. घोटाळा पाल्याचा नव्हता, चिंधीचा होता. ज्या धोतरानं दिवसभर जनावरांचं शेण-मूत पुसलं गेलं त्याचीच चिंधी. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बिब्बा घालायला सांगितलं, त्यानं कातडं भाजून निघालं. पाचव्या दिवशी सूज कोपरापर्यंत आली आणि ताप चढला, तेव्हा आज्जीला कळलं. मग सोलापूर. तिथं डॉक्टरांनी बोट काढलं आणि हात वाचवला.

का गेले नाहीत पहिल्या दिवशी? मी त्यांना या दिवाळीत पहिल्यांदाच विचारलं. मला वाटलं होतं भीती म्हणतील. ते म्हणाले, "एका बोटासाठी दिवस मोडायचा? जायला यायला पैशे, वर रोज बुडणार. आन् मला वाटलं मला जमतंय." हे ‘मला जमतंय’ नीट ऐका. ते अडाणीपण नव्हतं. त्यांनी आधी दहा जखमा अशाच बऱ्या केल्या होत्या. जवळ कुणी विचारायलाच नसलं, की माणूस आपल्या मागच्या यशावर चालतो.

आमच्या भागानं याचं मोठं रूप बघितलं ते ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. मी शाळेत होतो. अणदूरलाही आम्ही सगळे रस्त्यावर आलो आणि नंतर किती रात्री घरात झोपलो नाही. आमच्या रस्त्यावरून सोलापूरकडे गाड्या जाताना आठवतात. लष्कर आलं, देशभरातून डॉक्टर आले, पण पहिले तास गावातल्यांनीच गावातल्यांना उकरून काढलं, आणि जे सुचेल ते बांधलं. चिंधीच बांधली असणार, दुसरं काय होतं?

त्याच काळात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांचं काम उभं राहत होतं. हॅलो मेडिकल फाउंडेशन. ‘हॅलो’ म्हणजे हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन. औरंगाबादच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गटातून आलेलं नाव. (पुतण्याला हे सांगितलं तर तो हसत सुटला, कारण त्याच्या जगात ‘हेलो’ हा २००१ चा गोळीबाराचा गेम आहे, आणि त्यात नायकाचं कवच थोडं थांबलं की आपोआप भरून येतं. आमच्या गावच्या हॅलोत आपोआप काही भरून येत नाही.) या मंडळींनी केलं काय, तर गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. जखम धुणं, साधी औषधं देणं, बाळंतिणीवर लक्ष ठेवणं, आणि आपल्या हातातलं काय नाही ते ओळखून वेळेत पुढं पाठवणं.

ही कल्पना हवेतून आली नव्हती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं होतं, त्यासाठी त्यांना १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगाव दिसणाऱ्या आशाताई २००५ नंतरच्या. पण मला यातलं एक बारीक वळण फार आवडतं. ‘स्वतः शिका’ असं नाव असलेल्या संस्थेनं ‘स्वतःच करा’ असं नाही सांगितलं. शिकायचं स्वतः, पण वापरायचं शेजारणीसाठी. तात्यांच्या वेळी आमच्या आळीत अशी एक बाई असती तर तिनं पहिल्या दिवशी एवढंच म्हटलं असतं: चिंधी काढा, उकळलेल्या पाण्यानं धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आत्ता निघा.

"मग गेममधून शिकता येत नाही का?" पुतण्यानं विचारलं. येतं की! त्याचा एक गाजलेला दाखला आहे. अमेरिकी लष्करानं भरतीसाठी २००२ साली ‘अमेरिकाज आर्मी’ नावाचा गेम काढला. त्यात वैद्यकीय शिपाई व्हायचं असेल तर चक्क वर्गात बसून प्रथमोपचाराचं व्याख्यान ऐकावं लागायचं आणि परीक्षा द्यावी लागायची. लोक वैतागायचे. २००७ च्या नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलायनात एका हायवेवर गाडी उलटली, आणि त्यातल्या रक्तबंबाळ माणसाला रस्त्यावरच्या एका तरुणानं सावरलं: जखम दाबून धरली, हात उंच करायला लावला. हे तो त्या कंटाळवाण्या वर्गात शिकला होता. गोळीबारातून नव्हे. वर्गातून.

आणि आमचा दाखला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. पावसानं सोयाबीनची काढणी लांबली होती, शेजारच्या पोराच्या तळहातावर विळा बसला. पुतण्या तिथंच होता. तो धावला, दस्ती काढली, मनगटाच्या वर बांधली, काडी घालून पिळली, रक्त थांबलं. त्याच्या सर्व्हरवर ‘टूर्निके’ अशीच लावतात. मग मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात. हात तोवर निळा पडला होता. डॉक्टरांनी दस्ती सोडली, गॉज ठेवून अंगठ्यानं नुसतं दाबून धरलं. रक्त थांबलं. पाच टाके. मग त्यांनी पुतण्याला विचारलं, "किती वाजता बांधलं होतंस?"

त्याला सांगता येईना. गेममध्ये ते पडद्यावर आपोआप दिसतं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, लगेच आणलंस ते शंभर टक्के बरोबर. पण एवढ्या जखमेला नुसतं दाबून धरायचं आणि हात वर. आवळून बांधायचं ते हातपाय तुटल्यासारखा, न थांबणारा रक्तस्राव असेल तेव्हा, आणि बांधल्याची वेळ तिथंच लिहून ठेवायची. अर्धं शिकलं होतं पोरगं. ते अर्धंही नसतं तर काय झालं असतं, हे मी ठरवू शकत नाही.

त्या रात्री पुन्हा माडीवर गेलो तर तो सर्व्हरच्या लोकांशी भांडत होता. त्याचं म्हणणं: पात्राला स्वतःची पट्टी बांधता यावी, पण त्यानं फक्त रक्त थांबावं, तब्येत वाढू नये, बरं व्हायला दुसरं कुणीतरी आलंच पाहिजे. समोरचे म्हणत होते, मग खेळायचं कधी? हा वादही जुनाच आहे बरं का. १८७६ मध्ये फेर्डी द्यू फेर्नुआ या जर्मन अधिकाऱ्यानं क्रीगश्पीलचे तक्ते बाजूला ठेवायला सांगितले. अनुभवी पंचानं बघून ठरवावं, आकड्यांत वेळ घालवू नये, असं त्याचं मत. तक्ता की पंच? दीडशे वर्षांनी अणदूरच्या माडीवर तेच चाललं होतं, फक्त पंचाला ॲडमिन म्हणत होते.

शेवटी त्यांनी मत घेतलं. पुतण्या हरला. पण ॲडमिननं एक सूट दिली: स्वतः टाके घातले तर तो हात पुढचा अर्धा तास वापरायचा नाही. तात्या जिन्यातच बसले होते. त्यांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, "अर्धा तास? बरं हाय की. मला चाळीस वर्षं झाली."